कुटुंबोपचारातील व्यावसायिक नीती

कुटुंबोपचारात, म्हणजे रुग्णालयांतल्या रूढ शब्दांत फॅमिली थेरपीत, एखाद्याचा त्रास सुटा न पाहता घरातल्या नात्यांसकट पाहिला जातो आणि घरच्यांना एकत्र बसवून उपचार होतात. भारतात नातेवाइकांना उपचारात सामील करण्याची सुरुवात १९५० च्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी केली; रुग्णांच्या घरच्यांना त्यांनी आवारातल्या तंबूंत राहू दिले.

या पद्धतीतले बहुतेक नैतिक पेच एकाच प्रश्नातून निघतात : उपचारकाचा क्लायंट कोण? ‘बिघडलाय’ म्हणून आणलेला मुलगा, फी भरणारे वडील, की अख्खे घर? ‘अख्खे घर’ हे पाठ्यपुस्तकी उत्तर. पण घरातल्या सगळ्यांचे हित क्वचितच एका बाजूला असते.

सर्वांत नाजूक जागा गुपितांची. सत्र संपते, मंडळी चपला घालू लागतात आणि नवरा मागे रेंगाळून म्हणतो, “मॅडम, एक सांगायचं होतं. हिला कळू देऊ नका.” (हल्ली हे रेंगाळणे व्हॉट्सॲपवर होते.) गप्प राहिले तर उपचारक नकळत त्याच्या गटात जाऊन बसतो, सांगून टाकले तर विश्वास मोडतो. अमेरिकन असोसिएशन फॉर मॅरेज अँड फॅमिली थेरपी या १९४२ पासूनच्या संघटनेची संहिता सांगते, की एकाने एकट्याने सांगितलेले त्याच्या लेखी परवानगीशिवाय इतरांपुढे उघड करू नये. काही उपचारक मात्र ‘इथे गुपित ठेवणार नाही’ असे पहिल्याच भेटीत सर्वांसमोर ठरवून त्याला लेखी संमती घेतात. दोन्ही धोरणे चालतात. धोरणच नसणे अक्षम्य.

गोपनीयतेला कायद्याच्याही मर्यादा आहेत. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम २३ ने रुग्णाला तिचा हक्क दिला, पण अपवादांसह. बालकावरील लैंगिक अत्याचाराची माहिती कळली, तर पॉक्सो कायदा, २०१२ च्या कलम १९ नुसार ती पोलिसांना कळवावीच लागते. ‘घरची अब्रू’ हे कारण चालत नाही. मुलाच्या ताब्याच्या दाव्यात समुपदेशकाचा अहवाल गोपनीय म्हणून बाजूला ठेवता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये ठरवले. बोलते होण्याआधी कुटुंबाला हे ठाऊक हवे.

संमतीत वडीलधाऱ्यांचा आवाज मोठा असतो. सासूकडे एकदा पाहून “माझी काही हरकत नाही” म्हणणाऱ्या सुनेची संमती संमती नव्हे; तिला वेगळे विचारावे लागते. घरात मारहाण असेल, तर संयुक्त सत्रच घातक ठरू शकते, कारण तिथे बोललेल्या वाक्याची किंमत ती रात्री घरी मोजते. मुंबई महापालिका आणि ‘सेहत’ संस्थेने वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात सुरू केलेल्या ‘दिलासा’ केंद्राच्या स्त्रीवादी समुपदेशनात म्हणूनच तिची सुरक्षितता आधी येते आणि हिंसेची जबाबदारी ती करणाऱ्यावरच राहते. ‘जुळवून घे’ हा सल्ला तटस्थ नसतो.

पात्रतेचा मुद्दा भारतात अर्धवट सुटला आहे. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे होते. ‘फॅमिली थेरपिस्ट’ असा स्वतंत्र परवाना मात्र नाही, त्यामुळे दारावरच्या पाटीपेक्षा प्रशिक्षण विचारावे. तालुक्याच्या गावी आणखी एक अडचण : समोर बसलेले जोडपे उपचारकाच्याच सोयऱ्यांतले निघते. शहरात अशी केस दुसऱ्याकडे पाठवता येते. गावात तो दुसरा बहुधा सत्तर-ऐंशी किलोमीटरवर असतो.