टायसनच्या ग्रंथी आणि फोर्डाइसचे ठिपके

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आजचा विषय घरात कुणी काढत नाही आणि मित्रांत निघालाच तर थट्टेवारी जातो. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला एक दिवस आंघोळ करताना दिसतं, की आपल्या इंद्रियाच्या बोंडाच्या कडेला बारीक, मोत्यासारख्या दाण्यांची ओळ आहे. किंवा अंडकोशाच्या कातडीवर पिवळट-पांढरे ठिपके आहेत. खाज नाही, ठणका नाही. तरी त्याच्या मनात एकच शब्द येतो, गुप्तरोग. मग तो ना वडिलांना सांगतो, ना डॉक्टरांना. लग्नाची बोलणी निघाली की टाळाटाळ करतो, ती याच धास्तीपायी.

हे दाणे आणि हे ठिपके म्हणजे रोग नव्हे. पण वैद्यकशास्त्रालाही हे नीट उमजायला फार काळ लागला, आणि तो इतिहास मोठा गमतीदार आहे.

सतराव्या शतकाच्या अखेरीस लंडनमध्ये एडवर्ड टायसन नावाचे शरीरशास्त्रज्ञ होते. चिंपांझीचं शवविच्छेदन करून त्याची माणसाशी तुलना करणारा त्यांचा १६९९ सालचा ग्रंथ आजही नावाजला जातो. शिश्नमुंडाच्या कडेवरच्या या दाण्यांना त्या काळात ग्रंथी मानलं गेलं आणि त्या टायसनच्या नावावर जमा झाल्या. तिथे साचणारा पांढुरका मळ त्यांतूनच पाझरतो, अशी समजूत. पुढे पावणेतीनशे वर्षं शरीरशास्त्राच्या पुस्तकांत ‘टायसनच्या ग्रंथी’ सुखाने नांदल्या. १९६९ साली हायमन आणि ब्राउनस्टाइन या अमेरिकन डॉक्टरांनी या जागेच्या कातडीची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी केली, तेव्हा दाण्यांत ग्रंथी नव्हत्याच! १९७३ साली अॅकरमन आणि त्यांच्या सहकाऱ्याने उलगडा केला, की हे बारीक रक्तवाहिन्या आणि तंतू यांचे निरुपद्रवी उंचवटे आहेत. पुस्तकात छापलेली गोष्ट किती पिढ्या न तपासता पुढे जाते, याचा हा नमुनाच म्हणायचा.

दुसरे ते ठिपके. न्यूयॉर्कचे डॉ. जॉन अॅडिसन फोर्डाइस यांनी १८९६ साली ओठांच्या व तोंडाच्या आतल्या अस्तरावरच्या पिवळट ठिपक्यांचं वर्णन केलं, आणि केलं ते एक चमत्कारिक विकार म्हणून. पुढे ध्यानात आलं, की त्या साध्या तैलग्रंथी आहेत. एरवी अशी ग्रंथी केसाच्या मुळाशी असते. इथे केस नाही, म्हणून ती उघडी दिसते, एवढंच. इंद्रियावर आणि अंडकोशावर असतात त्याही अशाच. विकार राहिला नाही, नाव मात्र फोर्डाइसचंच राहिलं.

फोर्डाइस त्वचारोगाबरोबरच उपदंशाचे, म्हणजे गरमीचेही प्राध्यापक होते. त्या काळी ही दोन्ही शास्त्रं एकाच खात्यात असत. आपल्याकडे ती जोडी आजही आहे. त्वचारोगतज्ज्ञाच्या पाटीवर ‘त्वचारोग, गुप्तरोग व कुष्ठरोग’ असं लिहिलेलं असतं. त्या पाटीखालून जिना चढताना आपल्याला कुणी पाहील, या भीतीने पोरगा मागे फिरतो आणि भिंतीवरच्या जाहिरातीतल्या तंबूत शिरतो. अशा जाहिरातींना १९५४ च्या कायद्याने बंदी आहे; भिंती अजून रंगलेल्याच आहेत.

रघुनाथ धोंडो कर्वे यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक १९२७ ते १९५३ चालवलं. त्यात वाचक असले प्रश्न विचारत आणि कर्वे सरळ उत्तरं देत. त्या उत्तरांपायी १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. बॅरिस्टर आंबेडकर त्यांच्या बाजूने उभे राहिले, तरी कर्व्यांना दंड झालाच. प्रश्न विचारण्याची जागा आपल्या समाजाने किती महाग करून ठेवली होती, ते यावरून कळतं.

या दाण्यांना सर्वांत मोठा धोका आहे तो चामखीळ समजले जाण्याचा. जननेंद्रियावरची चामखीळ विषाणूमुळे होते आणि संबंधातून पसरते. १९४२ नंतर तिच्यावर पॉडोफिलिन नावाचं जहाल औषध रूढ झालं. ते मोतीदाण्यांवर लावलं तर कातडी भाजते आणि पदरात काही पडत नाही. १९९१ साली संशोधकांनी या दाण्यांत तो विषाणू शोधून पाहिला. सापडला नाही. म्हणजे हे दाणे कुणाकडून लागत नाहीत, कुणाला लावताही येत नाहीत. अस्वच्छतेशी किंवा हस्तमैथुनाशी त्यांचा काही संबंध नाही.

ओळखायचे कसे? मोतीदाणे एकसारखे, एक-दोन मिलिमीटरचे, कडेला ओळीने, आणि वर्षानुवर्षं तसेच. वयाबरोबर थोडे कमीही होतात. तैलग्रंथींचे ठिपके कातडी ताणली की ठळक दिसतात. चामखीळ वेडीवाकडी, खरखरीत, कोबीच्या फुलासारखी, आणि ती वाढत जाते. जखम, स्राव, रक्त किंवा नवी वाढ दिसली, तर मात्र डॉक्टरांना दाखवायलाच हवं. शंका असेल तरी दाखवावं. तज्ज्ञाला बहुधा नुसतं पाहून कळतं.

उपचार लागत नाही. तरी मनातून जातच नसेल, तर मोतीदाणे कार्बन डायऑक्साइड लेझरने काढता येतात. १९८९ पासून तशी नोंद आहे. व्रण किंवा डाग राहण्याची शक्यता असते, ती डॉक्टरांकडून आधी समजून घ्यावी. घरी मात्र सुई, ब्लेड, चुना, आम्ल किंवा चामखिळीचं औषध यांतलं काहीही त्या जागेला लावू नये. ठिपके पिळून काढायलाही जाऊ नये. त्यातून जंतुसंसर्ग होतो.