बिस्कूपिन : चिखलाने राखलेले गाव

बदलीच्या गावी गेल्यावर प्रथम तेथील जुने गॅझेटियर चाळण्याची सवय ज्यांना आहे, त्यांस बिस्कूपिनची हकीकत रुचेल असे वाटते. पोलंडची पहिली राजधानी मानल्या जाणाऱ्या ग्निएझ्नोच्या उत्तरेस पाऊकी नावाचा तळ्यांचा आणि शेतांचा मुलूख आहे. त्यांतील एका तळ्याच्या काठी हे लहानसे खेडे वसलेले आहे. 'बिस्कूप' म्हणजे बिशप. ११३६ साली पोपने दिलेल्या आज्ञापत्रात ग्निएझ्नोच्या आर्चबिशपांची जी गावे नमूद आहेत, त्यांत याचे नाव येते. म्हणजे आपल्याकडील देवस्थान इनामासारखाच प्रकार. पुढे कित्येक शतके गावाने इतिहासात नाव निघावे असे फारसे काही केले नाही, आणि त्यात त्याचे काही बिघडलेही नाही.

१९३३ साली मात्र या शांततेचा भंग झाला. जवळच्या नदीचे पात्र सुधारल्यामुळे तळ्याचे पाणी उतरले होते आणि काठच्या दलदलीत जुन्या खांबांची टोके वर दिसू लागली होती. गावच्या शाळेतील शिक्षक व्हालेंती श्वायत्सेर यांच्या ध्यानात आले की, हे खांब कोण्या कोळ्याने रोवलेले नव्हेत. त्यांनी पोझ्नान येथील पुरातत्त्वज्ञ यूझेफ कोस्त्शेव्स्की यांना कळविले आणि १९३४ पासून उत्खनन सुरू झाले.

चिखलाखाली लाकडाचे एक अख्खे नगर होते. सुमारे दोन हेक्टरांचे ते स्थळ. आज द्वीपकल्प असले तरी त्या काळी बेट. लाटांचा आणि बर्फाचा मारा अडविण्यासाठी भोवती हजारो खांब तिरपे रोवलेले. आत लाकडी चौकटीत माती भरून रचलेला तट आणि एकच वेस. वेशीतून शिरावे तो लाकडी ओंडक्यांनी फरसबंद केल्यासारखे अकरा समांतर रस्ते, आणि त्यांच्या कडेने तेरा ओळींत शंभराहून अधिक घरे. प्रत्येक घरात एक पडवी आणि दगडी चुलीची मोठी खोली. सर्वांत नवलाची गोष्ट ही की, घरे जवळपास सारख्याच मापाची. पाटलाचा वाडा म्हणून बोट दाखवावे असे एकही नाही. आठशे ते हजार माणसे तेथे राहत असावीत असा अंदाज आहे. ऑक्सिजनविरहित ओल्या मातीत लाकूड कुजत नाही, म्हणूनच हे सारे टिकले.

येथवर सारे निर्वेध आहे. खरा वाद पुढचा. हे लोक कोण? पोलंड १२३ वर्षांच्या पारतंत्र्यानंतर १९१८ साली पुन्हा नकाशावर आलेला, आणि पाऊकीचा हा टापू त्या काळात प्रशियाच्या ताब्यात होता. जर्मनीत तेव्हा गुस्ताफ कोसिना यांची विचारसरणी प्रबळ होती : मडक्यांची घाट-नक्षी जेथवर, तेथवर ती जमात आणि तेथवर तिचा हक्क. विलक्षण गोष्ट ही की, कोस्त्शेव्स्की हे बर्लिनमध्ये याच कोसिनांचे शिष्य. त्यांनी गुरूचीच पद्धत गुरूच्या निष्कर्षांविरुद्ध उलटविली आणि येथील लाउझित्स संस्कृतीचे लोक स्लाव्हांचे पूर्वज होत, असे प्रतिपादन केले. नव्या राष्ट्राला जणू सव्वीस शतकांपूर्वीचा मालकीचा दस्तऐवजच मिळाला. तो वाचण्यास लोक झुंडीने लोटले, यात नवल ते काय?

१९३९ मध्ये जर्मन फौजा आल्या. गावाचे नाव बदलून 'उरश्टेट' करण्यात आले आणि १९४० ते १९४२ या काळात एस. एस. या संघटनेच्या वतीने हान्स श्लाइफ यांनी उत्खनन चालविले. हेतू हा की, तेच नगर आता जर्मानिक ठरावे. कोस्त्शेव्स्कींना खोट्या नावाने लपून राहावे लागले. माघार घेताना जर्मनांनी ते स्थळ पाण्याखाली घातले. नाश करावा हा उद्देश. पण पाण्यात बुडाल्याने लाकडे उलट सुरक्षितच राहिली. द्वेषाने केलेल्या कृतीचे असे फळ क्वचितच पाहावयास मिळते.

युद्धानंतर काम पुन्हा सुरू होऊन १९७४ पर्यंत चालले. वादाचा निकाल मात्र दोन्ही पक्षांच्या विरुद्ध गेला असे म्हणण्यास हरकत नाही. खोडांतील वार्षिक वलये मोजून असे दिसले की, वापरलेल्या ओकांपैकी निम्म्याहून अधिक झाडे इ. स. पू. ७३८-७३७ च्या हिवाळ्यात तोडलेली होती. झाड कोणत्या वर्षी पडले हे लाकूड सांगते. तोडणाऱ्याची भाषा सांगत नाही. त्या लोकांनी लिखाण मुळीच ठेवलेले नसल्याने, त्यांना स्लाव्ह किंवा जर्मानिक म्हणण्यास आज अभ्यासक धजत नाहीत.

आज तेथे तटाचा काही भाग, वेस आणि घरांच्या दोन ओळी नव्याने उभारलेल्या दिसतात. झ्निन गावाहून अरुंद रुळांची गाडी येते. वाटेत वेनेत्स्या येथे अशा गाड्यांचे संग्रहालय आणि एका पडक्या गढीचे अवशेष आहेत. पलीकडील गान्सावा येथे जुने लाकडी चर्च आहे. याच गावी १२२७ साली सरदारांची सभा भरली असता राजपुत्र लेशेक यांच्यावर हल्ला झाला आणि पळून जाताना जवळच्या मार्चिंकोव्हो येथे ते मारले गेले. या दोन गावांकडे बिस्कूपिनला येणारे बहुतेक प्रवासी लक्ष देत नाहीत. त्यांना वेळ काढण्यासारखी आहेत, एवढे सुचवावेसे वाटते.

मूळ लाकडे बहुतांशी पुन्हा झाकून टाकली आहेत. प्रवासी ज्या ओंडक्यांच्या रस्त्यावरून चालतात, तो नवा. जुना त्याच्या खाली, ओल्या मातीत पडून आहे.