महामार्गाची देखभाल: खात्याची माणसे स्वस्त की कंत्राटदार?

जामखेडहून पाटोद्यामार्गे जाणारा रस्ता मांजरसुंब्याला सोलापूर–धुळे महामार्गाला मिळतो. एसटी, दुचाकी आणि हंगामात उसाच्या ट्रॉल्या, सगळ्यांची वाट हीच. अशा रस्त्यावरचा खड्डा कोणी भरला तर सरकारला स्वस्त पडतो?

खात्याची माणसे
पूर्वी सार्वजनिक बांधकाम खात्याचे मैलकुली असत. ठरलेल्या टप्प्यातले खड्डे भरणे, साइडपट्ट्या नीट करणे, मोऱ्या साफ ठेवणे, झुडपे तोडणे ही त्यांची कामे. १९६७ च्या कालेलकर करारामुळे सलग ५ वर्षे काम केलेल्या रोजंदारी मजुरांना खात्याच्या आस्थापनेवर येता आले. त्यामुळे मजुरीसोबत रजा आणि निवृत्तीनंतरचे लाभही हिशेबात येतात. काम असो वा नसो, पगार बारा महिने द्यावा लागतो. रोलरसारखे यंत्र पडून राहिले तरी खर्च थांबत नाही.

कंत्राटदार
इथे पैसे झालेल्या कामाचेच. पण समजा, कामाचा मूळ खर्च १०० रुपये आहे. त्यावर १० टक्के वरखर्च आणि मग १० टक्के नफा धरला की १२१ रुपये होतात. त्यावर १८ टक्के जीएसटी लावला की बिल १४२ रुपये ७८ पैसे. अर्थात जीएसटीचा निम्मा वाटा राज्याकडेच परत येतो. निविदा काढण्याचा आणि देखरेखीचा खर्च मात्र बिलात दिसत नाही.

मग स्वस्त काय?
ते कामावर ठरते. डांबराचा नवा थर द्यायला मोठी यंत्रे लागतात, तीही थोडेच दिवस. तिथे कंत्राट परवडते. तुंबलेली मोरी मात्र त्याच दिवशी मोकळी व्हायला हवी. निविदेची वाट पाहिली तर पाणी रस्त्यात मुरते, छोट्या खड्ड्याचे मोठे काम होते आणि तोवर एखादा दुचाकीस्वार पडतो.

मधला मार्ग
प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेत रस्ता बांधणाऱ्यावरच ५ वर्षे देखभालीची जबाबदारी असते. राज्याच्या हायब्रीड अॅन्युइटी योजनेत ती १० वर्षांची आहे. रस्ता कच्चा बांधला तर दुरुस्तीचा भुर्दंड त्यालाच बसतो.

म्हणून तुलना एका बिलाची नको. दर किलोमीटरला पाच-दहा वर्षांत एकूण किती खर्च झाला, याची हवी. आपल्या रस्त्याचा दोषदायित्व कालावधी कधी संपतो, हे माहिती अधिकारात विचारता येते. तो संपला नसेल, तर बांधकामातल्या दोषामुळे पडलेला खड्डा कंत्राटदाराने स्वखर्चाने भरायचा असतो.