वर्गमर्यादेतील वाहनसुधारणा

मोकळ्या, फरसबंद पटांगणावर शंकू मांडून आखलेल्या मार्गावरून एका वेळी एकच मोटारगाडी सोडायची आणि तिला लागलेला वेळ मोजायचा, या हौशी स्पर्धाप्रकारास ऑटोक्रॉस म्हणतात. भारतात ही संज्ञा बहुधा मातीवरील शर्यतीला लावली जाते. प्रस्तुत विवेचन अमेरिकेतील प्रकारापुरते मर्यादित आहे. तेथे १९४४ साली स्थापन झालेला ‘स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका’ हा क्लब ‘सोलो’ या नावाने या स्पर्धेचे नियमन करतो. त्याची राष्ट्रीय स्पर्धा १९७३ पासून भरते. २००९ पासून तिचे स्थान नेब्रास्का राज्यातील लिंकन हे आहे. दोन मार्ग, प्रत्येक मार्गावर तीन धावा, दोन्ही मार्गांवरील सर्वोत्तम वेळांची बेरीज आणि पाडलेल्या किंवा चौकटीबाहेर ढकललेल्या प्रत्येक शंकूमागे दोन सेकंदांचा दंड, असे तिचे सर्वसाधारण स्वरूप आहे. एक धाव साधारणतः मिनिटभराच्या आत-बाहेर संपते आणि तिचा बहुतांश दुसऱ्या गिअरमध्येच जातो. या अल्पकाळाचा आणि अल्पवेगाचा परिणाम पुढील प्रत्येक निर्णयावर होतो.

प्रथम तीन क्रिया परस्परांपासून वेगळ्या केल्या पाहिजेत. झिजलेला भाग तशाच भागाने बदलणे ही देखभाल. उत्पादकाने ठेवलेल्या मुभेत एखादे मान फिरवणे, उदाहरणार्थ टायरमधील हवेचा दाब किंवा चाकांचे कोन बदलणे, हे समायोजन. उत्पादकाने दिलेल्या भागाच्या जागी भिन्न गुणधर्माचा भाग बसवणे ही सुधारणा. पहिल्या दोन क्रियांनी गाडीचा वर्ग बदलत नाही. तिसरीने बदलू शकतो. नवा स्पर्धक बहुधा तिसरीपासून आरंभ करतो आणि पहिल्या दोन अपुऱ्या ठेवतो.

वर्ग ही संज्ञा दोन अक्षांनी बनते. पहिला अक्ष सिद्धतेचा आहे: गाडी कारखान्यातून निघाली त्या अवस्थेपासून किती दूर नेण्यास परवानगी आहे, हे तो सांगतो. या अक्षावर स्ट्रीट, स्ट्रीट टुरिंग, स्ट्रीट प्रिपेअर्ड, स्ट्रीट मॉडिफाइड आणि त्यापुढे प्रिपेअर्ड व मॉडिफाइड अशा श्रेणी परंपरेने मांडल्या गेल्या आहेत. दुसरा अक्ष सामर्थ्याचा: एकाच श्रेणीत साधारण तुल्यबळ गाड्यांचे गट पाडले जातात. श्रेणी आणि गट मिळून वर्ग सिद्ध होतो. यावरून निघणारे पहिले अनुमान असे की एखाद्या सुधारणेचे मूल्य निरपेक्षपणे सांगता येत नाही. तोच भाग एका वर्गात निर्णायक, दुसऱ्यात निरुपयोगी आणि तिसऱ्यात अपात्रतेचे कारण ठरतो.

आता नियमांच्या वाचनपद्धतीचा विचार करू. मीमांसाशास्त्रात विधींचे जे प्रकार सांगितले आहेत त्यांपैकी परिसंख्या हा येथे तंतोतंत लागू पडतो. पाच नखे असलेल्या प्राण्यांपैकी अमुक पाच भक्ष्य आहेत, असे म्हटल्यावर त्या पाचांचे भक्षण करा असा आदेश निघत नाही. उरलेल्यांचा निषेध निघतो. सोलोच्या नियमपुस्तिकेतील अनुज्ञा याच जातीच्या आहेत. ज्याचा उल्लेख नाही त्याला परवानगी नाही. ‘असे करू नये असे कोठे लिहिले आहे?’ हा प्रश्न या पुस्तिकेसंबंधी मुळातच असंबद्ध ठरतो; प्रश्न ‘असे करावे असे कोठे लिहिले आहे?’ असा विचारावा लागतो. अभियंत्यांपेक्षा वकिलांना हे लवकर उमगते, असे निरीक्षण येथे नोंदवण्यास हरकत नसावी.

दुसरे तत्त्व अधिक सूक्ष्म आहे. अनुज्ञात भागाने त्याच्या अनुज्ञात कार्याव्यतिरिक्त एखादे निषिद्ध कार्यही करू नये, असा नियम आहे. म्हणजे अनुज्ञा भागाला मिळते ती एका विशिष्ट कार्यापुरती. याचे उत्तम उदाहरण स्ट्रीट श्रेणीतील बम्प स्टॉपचे. शॉक ॲब्सॉर्बर पूर्ण दबण्यापूर्वी त्याला अडवणारा हा रबरी वा फोमचा ठोकळा आहे. या श्रेणीत शॉक ॲब्सॉर्बर बदलता येतो, स्प्रिंग बदलता येत नाही. एखाद्या चतुर स्पर्धकाने नव्या शॉकवर उंच आणि कठीण ठोकळा बसवला, तर गाडी थोडी झुकताच त्यावर टेकेल आणि तो ठोकळाच कठीण स्प्रिंगचे काम करू लागेल. नियमकर्त्यांनी ही पळवाट ओळखून बम्प स्टॉप स्प्रिंगचे कार्य करतो असे स्पष्ट मानले आहे. म्हणून शॉक किती दबल्यावर ठोकळ्याला स्पर्श होतो ती अवस्था मूळ भागापेक्षा अलीकडे आणता येत नाही. निराळा शॉक बसवण्यासाठी ठोकळा आखूड करण्यास मात्र मोकळीक आहे. येथे नियमाने वस्तूच्या नावाकडे पाहिलेले नाही, तिच्या कार्याकडे पाहिले आहे.

नियम काय अडवू पाहतो हे समजण्यासाठी भौतिक भूमिका आवश्यक आहे. वळणात गाडीचा भार आतील चाकांवरून बाहेरील चाकांवर जातो. एकूण भारांतरण मुख्यतः चार राशींनी ठरते: वजन, गुरुत्वमध्याची उंची, डाव्या-उजव्या चाकांमधील अंतर आणि पार्श्वत्वरण. स्प्रिंग किंवा अँटी-रोल बार (डाव्या-उजव्या चाकांना जोडून गाडीचा कल रोखणारी दांडी) कठीण केल्याने ही बेरीज जवळजवळ बदलत नाही; तिचे पुढील व मागील आसांमधील वाटप बदलते. समजा गाडीचे वजन १,००० किलो, गुरुत्वमध्य ४६ सेंटिमीटर उंच, चाकांमधील अंतर १४१ सेंटिमीटर आणि पार्श्वत्वरण गुरुत्वत्वरणाइतके. तर सुमारे ३२६ किलो भार बाहेर जातो: बाहेरील बाजूवर ८२६, आतील बाजूवर १७४. गाडी २५ मिलिमीटर खाली आणली तर भारांतरण सुमारे ३०९ किलो होते. म्हणजे फरक जेमतेम पाच टक्के. स्प्रिंगचा खरा लाभ या पाच टक्क्यांत नाही. गाडी कमी कलल्यामुळे बाहेरील टायर जमिनीवर सपाट टेकतो आणि दिशा बदलताना गाडी लवकर स्थिर होते, हा तो लाभ. दुसरी बाब टायरची: त्यावरील भार दुप्पट झाला तरी पकड दुप्पट होत नाही, काहीशी कमीच वाढते. म्हणून ज्या आसावर भारांतरण अधिक, त्या आसाची एकत्रित पकड घटते. अँटी-रोल बारची सगळी उपयुक्तता या दोन विधानांत सामावलेली आहे.

उदाहरणासाठी १९९० ची माझदा मियाटा घेऊ: १.६ लिटर इंजिन, मागील चाकांना शक्ती, चारही चाकांना दुहेरी विशबोन सस्पेन्शन, साडेपाच इंच रुंद रिमवर १८५ मिलिमीटरचे टायर. तिला स्ट्रीट श्रेणीत ठेवायचे झाल्यास क्रम पुढीलप्रमाणे लागतो.

टायर सर्वप्रथम येतो, कारण उर्वरित सर्व बदल त्याच्याच पकडीची वाटणी करतात. या श्रेणीत ट्रेडवेअर अंक किमान २०० असावा लागतो. हा अंक झिजेचा आहे, पकडीचा नाही. टेक्सासमधील सॅन अँजेलो परिसरातील ठरावीक मार्गावर ७,२०० मैल चालवून, १०० अंक मानलेल्या प्रमाण टायरशी झिजेची तुलना केली जाते; आणि अंक स्वतः उत्पादकच लावतो. परिणामी २०० हा अंक छापलेल्या टायरांमध्ये परस्परांत मोठे अंतर आढळते. योकोहामाच्या ए०५२ सारखे टायर याच रेषेवर उभे राहून बनवलेले आहेत. मिनिटभराच्या धावेत टायर तापण्यास वेळ मिळत नाही, म्हणून थंड अवस्थेतच पकड देणारा टायर येथे श्रेष्ठ ठरतो. दीर्घ शर्यतीतील श्रेष्ठत्व येथे प्रमाण मानता येत नाही. उलट एकाच गाडीवर दोन चालक आळीपाळीने धावत असतील तर टायर अतितप्त होतात आणि धावांच्या मध्ये त्यांवर पाणी फवारावे लागते. रिमची रुंदी मूळचीच ठेवावी लागते, व्यास एक इंच कमी-अधिक चालतो. त्यामुळे साडेपाच इंची रिमवर रुंद टायर चढवता येतो खरा, पण त्याच्या बाजू आत ओढल्या जातात आणि रुंदीचा पुरता लाभ मिळत नाही. श्रेणीची ही पहिली खरी भिंत आहे.

त्यानंतर समायोजन. मियाटाच्या चारही चाकांचा कॅम्बर, म्हणजे उभ्या रेषेशी असलेला कल, मूळच्या विकेंद्री बोल्टांनी बदलता येतो, ही तिची मोठी जमेची बाजू; अनेक स्ट्रटधारी गाड्यांना ही सोय कारखान्यातून मिळतच नाही. त्यामुळे एकच नियम दोन गाड्यांना समान लागू असूनही समान फळ देत नाही.

तिसरा शॉक ॲब्सॉर्बर. स्लॅलममध्ये, म्हणजे ओळीने मांडलेल्या शंकूंमधून नागमोडी जाताना, गाडी एका बाजूवर स्थिर होण्याआधीच दुसऱ्या बाजूकडे वळते. स्थिर अवस्था येते ती क्षणभर. स्प्रिंग व बार स्थिर अवस्थेतील कल ठरवतात. त्या अवस्थेपर्यंत गाडी किती वेगाने पोहोचते ते शॉक ठरवतो. म्हणून स्प्रिंगला बंदी आणि शॉकला मोकळीक असलेल्या श्रेणीत खर्चाचा ओघ शॉककडे वळणे अपरिहार्य होते. नियमकर्त्यांनी बाह्य समायोजनांची संख्या दोनवर आणून आणि वेगळ्या डब्यात तेल ठेवणारे प्रकार नाकारून या ओघाला बांध घातला आहे. तरीही या श्रेणीतील सर्वांत महाग भाग बहुधा हाच असतो.

चौथा अँटी-रोल बार, आणि तो पुढे किंवा मागे, एकाच आसावर बदलता येतो. कोणता आस निवडावा? भरीव बारचा ताठरपणा व्यासाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढतो. १९ मिलिमीटरच्या जागी २५ मिलिमीटरचा बार घातला तर तो सुमारे तिप्पट ताठर होतो. ज्या आसावर तो घातला त्याच्या आतील चाकावरचा भार घटतो. चालक चाकांपैकी आतील चाकावरील भार घटला तर वळणातून बाहेर पडताना ते जागीच फिरते. म्हणून सामान्य नियम असा: ताठर बार चालक नसलेल्या आसावर घालावा. मियाटाला पुढे, पुढील चाकांनी ओढल्या जाणाऱ्या सिव्हिकला मागे. आक्षेप असा की पुढे ताठर बार घातल्यास भारांतरणाच्या न्यायाने पुढची पकड कमी होऊन गाडी वळणाबाहेर सरकेल. सिद्धान्ततः हे खरे आहे. पण मऊ मूळ स्प्रिंगवरील गाडीत कल कमी झाल्याने बाहेरील पुढचा टायर सपाट टेकू लागतो, आणि हा लाभ पुष्कळदा त्या हानीहून मोठा ठरतो. निर्णय मोजमापानेच करावा लागतो.

ब्रेक पॅड, एअर फिल्टरचा घटक, शेवटच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमागील सायलेन्सर हे बदल अनुज्ञात आहेत. त्यांचा वेळेवरील परिणाम अल्प असून त्यांवर अधिक शब्द खर्च करण्याचे कारण नाही.

आता पुढील श्रेणीचा विचार. समजा मियाटाच्या मालकाने गाडी केवळ खाली आणण्यासाठी स्वस्त स्प्रिंग बसवल्या. त्या क्षणी गाडी स्ट्रीट श्रेणीबाहेर जाऊन स्ट्रीट टुरिंगमध्ये पडते. तेथे एसटीएस वर्गात प्रतिस्पर्ध्याच्या गाडीला साडेसात इंच रुंद रिम, २२५ मिलिमीटरचे टायर, हव्या त्या स्प्रिंग, दोन्ही आसांवर बार, नवा हेडर (इंजिनलगतची एक्झॉस्ट नळी) आणि बदललेले इंजिन-नियंत्रण इतके सर्व लाभलेले असते. एका अनुज्ञेचा उपभोग घेणाऱ्याला उरलेल्या सर्व अनुज्ञांशी सामना करावा लागतो. म्हणून स्प्रिंगची खरी किंमत त्या वर्गाच्या संपूर्ण सिद्धतेइतकी धरली पाहिजे, दुकानातील पावतीइतकी नव्हे.

स्थानिक स्पर्धांत निरनिराळ्या वर्गांची तुलना करण्यासाठी गुणांक वापरतात. प्रत्यक्ष वेळेला वर्गाच्या गुणांकाने गुणले जाते. समजा खालच्या वर्गाचा गुणांक ०.८०० आणि वरच्याचा ०.८२० आहे. खालच्या वर्गातील ५० सेकंदांची धाव ४० सेकंद मोजली जाईल. वरच्या वर्गात तेवढेच मिळवण्यासाठी ४८.७८ सेकंदांत यावे लागेल. एकट्या स्प्रिंगने सव्वा सेकंद वाचत असेल तरच वर्गबदल समर्थनीय. तसे सहसा होत नाही. यावरून योग्य क्रम वर्ग, मग गाडी, मग भाग असा सिद्ध होतो. व्यवहारात क्रम नेमका उलटा आढळतो: भाग आधी आवडतो, तो हाती असलेल्या गाडीला बसवला जातो, आणि वर्ग कोणता याची चौकशी नोंदणीच्या टेबलापाशी होते.

मर्यादाभंग दोन प्रकारचा असतो: ज्ञात आणि अज्ञात. ज्ञाताविषयी विवेचनाची गरज नाही. अज्ञात प्रकार जुन्या गाड्यांत विशेष संभवतो. तीसहून अधिक वर्षे अनेक हातांतून गेलेल्या मियाटात आधीच्या मालकाने काय बदलले हे नव्या मालकास ठाऊक नसते. तरी गाडी नियमानुसार असल्याचे उत्तरदायित्व स्पर्धकाचेच. म्हणून खरेदीनंतरची पहिली पायरी सुधारणा नसून परीक्षण असावी: उत्पादकाच्या सर्व्हिस मॅन्युअलशी प्रत्येक भाग ताडून पाहणे.

क्लबच्या नियमांवर राज्याचा कायदाही असतो, कारण ही गाडी दुसऱ्या दिवशी रस्त्यावर धावायची असते. भारतात मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ हे क्षेत्र फारच आकुंचित करते: नोंदणीतील तपशील उत्पादकाच्या मूळ विनिर्देशाशी विसंगत होईल असा बदल त्याने निषिद्ध ठरवला आहे. पुण्या-मुंबईहून अमेरिकेत जाऊन या छंदाकडे वळणाऱ्यास तेथील मोकळीक प्रथमदर्शनी अमर्याद वाटते, ती या पार्श्वभूमीमुळे.

शेवटची बाब नियमांच्या अस्थिरतेची. २०१४ पूर्वी आजच्या स्ट्रीट श्रेणीचे नाव स्टॉक होते. तीत शर्यतीच्या जातीचे मऊ टायर चालत, आणि बार बदलता येई तो फक्त पुढचा. २०१४ साली नाव बदलले, त्या टायरांना बंदी आली आणि बार पुढे की मागे याचा पर्याय खुला झाला. मागील बारची मोकळीक मिळाल्याने पुढील चाकांनी चालणाऱ्या गाड्यांची स्थिती सुधारली. मऊ टायरांच्या भरवशावर निवडलेल्या काही गाड्यांची बिघडली. एकाही गाडीत एकही बोल्ट न फिरवता हे घडले. तेव्हा वर्गबदल दोन्ही दिशांनी संभवतो, असे गृहीत धरून भाग निवडावेत: कापून किंवा वितळजोड देऊन करावयाचे बदल शक्यतो टाळावेत, बोल्टने बसणारे पत्करावेत, आणि काढलेल्या मूळ स्प्रिंग, बार व रिम नावाच्या चिठ्ठ्या लावून गॅरेजच्या फळीवर जपून ठेवाव्यात.