उमदी : दोन भाषा, एक तहान

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

फिनलंडच्या मुख्य भूमीवर प्रत्येक पालिकेची भाषा कायद्याने ठरलेली असते. कुठली पालिका फिनिश, तर कुठली फिनिश आणि स्वीडिश अशा दोन्ही भाषांची. कमी संख्येची भाषा बोलणारे शेकडा आठ किंवा तीन हजार असले, की ती पालिका द्विभाषक ठरते. दर दहा वर्षांनी ही यादी नव्याने जाहीर होते. अशी मोजदाद वाचली, की मला आपल्या सांगली जिल्ह्याच्या पूर्व टोकाचे उमदी आठवते. तिथे ही मोजणी कशी करणार?

माधवनगरहून उमदीला जायचे तर अख्खा जत तालुका ओलांडावा लागतो. उमदीकरांना सांगलीपेक्षा विजापूर कितीतरी जवळ. घरात कन्नड, कचेरीत मराठी, बाजारात दोन्ही, आणि मुसलमान वस्तीत दखनी. या दखनीचा मान थोडा नव्हे. विजापूरच्या दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाने आपला ‘किताब-ए-नौरस’ याच भाषेत रचला. माझ्या घरातही दखनीच बोलली जायची, कविता मात्र मला मराठीत सुचली. त्यामुळे माणसाची भाषा एकच असते, हे मला कधी पटले नाही.

उमदीचे मोठे नाव म्हणजे भाऊसाहेब महाराज (१८४३–१९१४). हे ब्राह्मण, तर त्यांचे गुरू निंबर्गी महाराज लिंगायत. निंबर्गी महाराजांचा उपदेश कन्नडमध्ये, आणि भाऊसाहेबांच्या नित्य वाचनात समर्थांचा ‘दासबोध’. पुढे भाऊसाहेबांनी इंचगेरीला मठ उभारला. त्यांच्याकडून १९०१ मध्ये जमखंडीच्या एका शाळकरी मुलाने नाम घेतले. तो मुलगा म्हणजे गुरुदेव रा. द. रानडे. महाराष्ट्रातील संतांवर त्यांनी ग्रंथ लिहिला, तसा कन्नड संतांवरही. एका आडगावातून निघालेली ही वाट दोन्ही भाषांच्या अंगणातून गेली. ज्या पंढरीच्या विठ्ठलाला ज्ञानदेवांनी ‘कानडा’ म्हटले, त्याच्या मुलखात यात नवल ते काय? आपले अण्णा, अप्पा आणि अक्का तरी कुठून आले?

भाषेचे असे जुळले, पाण्याचे मात्र कधीच जुळले नाही. याच तालुक्यातले उमराणी घ्या. एप्रिल १६७३ मध्ये सरनोबत प्रतापराव गुजरांनी विजापूरच्या बहलोलखानाला तिथे गाठले आणि त्याच्या फौजेचे पाणीच तोडले. ऐन उन्हाळ्यात तहानेने कासावीस झालेला खान शरण आला. प्रतापरावांनी त्याला जाऊ दिले. शिवाजी महाराजांना ते रुचले नाही. पुढच्याच फेब्रुवारीत नेसरीला त्याच खानावर तुटून पडताना प्रतापराव कामी आले. या भूमीत तलवारीपेक्षा पाणी कोणाच्या हाती आहे, हे मोठे.

जत हे डफळ्यांचे संस्थान, सातारच्या जहागिरींपैकी एक. १९४८ मध्ये ते मुंबई राज्यात विलीन झाले, १९४९ मध्ये नव्या दक्षिण सातारा जिल्ह्यात आले आणि १९६० मध्ये त्या जिल्ह्याचे नाव सांगली झाले. मधल्या काळात, १९५६ च्या भाषावार प्रांतरचनेत, विजापूर म्हैसूर राज्यात गेले. रोजच्या बाजाराच्या वाटेवर राज्याची सीमा आली. सोयरिकी मात्र चालूच राहिल्या. १९६७ च्या महाजन अहवालाने जत तालुक्यातील काही गावे पलीकडे द्यावीत असे सुचवले. महाराष्ट्राने तो अहवालच नाकारला.

मग २०१२ चा दुष्काळ आला. कृष्णेचे म्हैसाळ योजनेचे पाणी पूर्व भागापर्यंत पोचत नव्हते. तेव्हा जतमधील चाळीसएक गावांनी ठराव केले : पाणी देत नसाल तर आम्हाला कर्नाटकात जाऊ द्या. दहा वर्षांनी, नोव्हेंबर २०२२ मध्ये, कर्नाटकच्या मुख्यमंत्र्यांनी त्या ठरावांचा हवाला देत या गावांवर हक्क सांगण्याची भाषा केली, आणि मुंबई जागी झाली. पाठोपाठ तुबची-बबलेश्वर योजनेचे पाणी तिकुंडीच्या तलावात उतरले. इकडे विस्तारित म्हैसाळ योजनेसाठी सुमारे दोन हजार कोटी रुपयांची घोषणा झाली.

या साऱ्या गदारोळाला भाषेचा वाद म्हटले गेले. मला तसे वाटत नाही. त्या ठरावांतली मागणी पाण्याची होती. कन्नड बोलत महाराष्ट्रात राहायला या लोकांची ना नव्हती. तहानलेले राहायला होती. त्यांची तहान दहा वर्षे कोणाच्या कानी गेली नाही आणि सीमेचे नाव निघताच महिन्याभरात ऐकू आली, ही आपल्या कारभाराला शोभणारी गोष्ट नव्हे.

फिनलंडसारखी मोजदाद आपण केली, तरी उमदीला एक रकाना पुरणार नाही. पाटी दोन लिप्यांत लावावी, शाळा दोन्ही भाषांच्या नीट चालवाव्यात, आणि त्याआधी पाटात पाणी सोडावे. तहानेला ना मराठी कळते, ना कन्नड.