दोन खिंडी आणि फोर्ड साहेबांचं पत्र

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारला. अमेरिका इस्रायलला विमानं देते, पैसा देते. मग एकदा डोळे वटारले की काम व्हायला नको का? मलाही असंच वाटायचं. पण १९७५ साली अमेरिकेने खरंच डोळे वटारले होते. त्याची ही गोष्ट.

आधीचं पटकन सांगतो. ६ ऑक्टोबर १९७३ ला, योम किप्पूरच्या दिवशी, इजिप्त आणि सीरियाने एकाच वेळी इस्रायलवर हल्ला केला. दुसऱ्याच आठवड्यात अमेरिकेची लष्करी विमानं शस्त्रं घेऊन इस्रायलमध्ये उतरायला लागली. मग पारडं फिरलं. इस्रायली रणगाडे सुएझ कालवा ओलांडून गेले आणि इजिप्तची थर्ड आर्मी वेढ्यात सापडली. इथे पहिला खटका उडाला. किसिंजरना ती आर्मी वाचवायची होती, कारण सादात यांची इज्जत राहिली तरच ते मॉस्को सोडून वॉशिंग्टनकडे वळणार होते. अमेरिकेने दाब दिला आणि वेढ्यात अन्नपाणी गेलं. जानेवारी १९७४ मध्ये सैन्यं मागे घेण्याचा पहिला करार झाला.

म्हणजे इथवर डोळे वटारणं चाललं.

पुढचा घास मात्र मोठा होता. सिनाईच्या वाळवंटातून रणगाडे न्यायचे तर मितला आणि गिदी या दोन खिंडी हातात हव्यात. शिवाय सुएझच्या आखातावर अबू रुदैसच्या तेलविहिरी. हे सगळं इस्रायलने सोडावं, अशी मागणी होती. पंतप्रधान राबिन म्हणत होते, बदल्यात युद्धस्थिती संपली असं लिहून द्या. सादात ते देणार कसे? सिनाईचा बहुतेक भाग अजून इस्रायलकडेच होता.

मार्च १९७५ मध्ये किसिंजर दोन्हीकडे फेऱ्या मारत होते. गाडी अडली, तेव्हा राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांचं एक कडक पत्र राबिनना गेलं: बोलणी फसली तर आम्ही या भागातल्या धोरणाचा, तुमच्याशी असलेल्या संबंधांसकट, फेरविचार करू. इस्रायली मंत्रिमंडळ तरीही हललं नाही. किसिंजर रिकाम्या हाताने परतले आणि फोर्डनी 'रिअसेसमेंट' जाहीर केली. शब्द सरकारी, अर्थ सरळ: शस्त्रांचे नवे करार बंद.

आता खरी गंमत बघा. इस्रायलने उत्तर जेरुसलेममधून दिलंच नाही, ते वॉशिंग्टनमधूनच आलं. मे महिन्यात शंभरपैकी ७६ सिनेटरांनी फोर्डना पत्र लिहिलं की इस्रायलच्या लष्करी आणि आर्थिक गरजा भागवा. पैसा मंजूर करते काँग्रेस, आणि पुढच्याच वर्षी निवडणूक. फोर्ड चिडले, पण हिशेब त्यांनाही कळत होता.

मग दबावाचं रूपांतर सौद्यात झालं. ४ सप्टेंबर १९७५ ला जिनिव्हात करारावर सह्या झाल्या. इस्रायल खिंडींमधून मागे हटला, तेलविहिरी परत गेल्या. इजिप्तने इस्रायलचा बिगरलष्करी माल कालव्यातून जाऊ द्यायचं मान्य केलं. पण इस्रायलला जी भरपाई हवी होती, तिचा मोठा भाग दिला अमेरिकेने: शस्त्रं, आर्थिक मदत, तेल कमी पडलं तर पुरवठ्याची हमी. वर खिंडींवर नजर ठेवायला सुमारे २०० अमेरिकन नागरिक, जमिनीत बसवलेले सेन्सर घेऊन. (१९७६ मध्ये वाळवंटात सेन्सर नेटवर्क! माझ्यातला इंजिनियर इथे अर्धा तास भरकटला होता, तो भाग एडिटिंगमध्ये उडवला.)

फोर्ड हरले असं मी म्हणणार नाही. त्यांना हवी होती ती माघार मिळाली, इजिप्त सोव्हिएत गोटातून आणखी दूर गेला आणि १९७९ च्या शांतता कराराची वाट इथूनच निघाली. पण धमकी देऊन फुकटात मिळवायला गेले ते शेवटी भरपूर पैसे मोजून विकत घेतलं.

आणि सौद्यातलं एक कलम महाग पडलं. पीएलओ जोवर इस्रायलचं अस्तित्व आणि सुरक्षा परिषदेचे २४२ व ३३८ हे ठराव मान्य करत नाही, तोवर अमेरिका त्यांच्याशी वाटाघाटी करणार नाही, असं वचन अमेरिकेने दिलं. १९७९ मध्ये अमेरिकेचे संयुक्त राष्ट्रांतले राजदूत अँड्र्यू यंग पीएलओच्या प्रतिनिधीला गुपचूप भेटले. बातमी फुटली आणि ऑगस्टमध्ये त्यांना राजीनामा द्यावा लागला. अमेरिका पीएलओशी उघडपणे बोलायला लागली ती थेट डिसेंबर १९८८ मध्ये.