ग्लासगोतले पंचवीस डीकन

१८१९ साली ग्लासगोच्या नगरपालिकेने टॉमस चामर्स या धर्मोपदेशकाची एक विलक्षण मागणी मान्य केली. सेंट जॉन्स या नव्या पॅरिशमधल्या, म्हणजे चर्चच्या प्रभागातल्या, गरिबांसाठी शहराच्या करातला पैसा नको. चर्चच्या दाराशी जमणारे दान तेवढे पॅरिशकडेच राहू द्या. वस्ती दहा हजारांची, बहुतेक विणकर आणि मजूर. एवढ्या कष्टकऱ्यांचा भार नुसत्या दानावर पेलण्याची हमी घेणे हे मोठ्या धैर्याचे काम होते.

करातून मिळणारी मदत हक्क बनली, की मुलगा म्हाताऱ्या आईला विसरतो आणि शेजारी शेजाऱ्याला, असे चामर्स यांचे ठाम मत होते. गरिबाच्या आधाराचे चार झरे त्यांनी मानले होते: त्याची स्वतःची काटकसर, नातलगांची माया, श्रीमंतांची कणव आणि गरिबानेच गरिबाला दिलेला हात. या चौथ्यावर त्यांची सर्वांत जास्त भिस्त होती.

पॅरिशचे त्यांनी पंचवीस भाग पाडले आणि प्रत्येक भाग एका डीकनकडे, म्हणजे चर्चच्या सेवेकऱ्याकडे, सोपवला. एकेकाच्या वाट्याला साठ ते शंभर कुटुंबे. मदतीचा अर्ज आला की डीकन स्वतः त्या घरी जाई. काम करता येते का, भाऊ-बहीण कुठे आहेत, शेजारी काय करू शकतील, हे सगळे विचारून झाल्यावरच पैशाचा विषय निघे. रविवारी संध्याकाळच्या उपासनेला वस्तीतले लोक येत. त्यांनी थाळीत टाकलेल्या अर्ध्या पेनीच्या नाण्यांतून नव्या अर्जदारांची सोय होई. एका घरातली सहा भावंडे पोरकी झाली. तिघे कमावते, तिघे लहान. धाकट्यांना शहराच्या गरीबगृहात घ्या, असा थोरल्यांचा अर्ज होता. डीकनने त्यांची समजूत घातली, तिमाहीला थोडी रक्कम देऊ केली आणि भावंडे एकत्र राहिली.

कोणतेही सरकारी कार्यालय हे करू शकले नसते.

चार वर्षांत गरिबांवरचा वार्षिक खर्च १४०० पौंडांवरून २८० वर आला. चामर्स १८२३ मध्ये सेंट अँड्र्यूजला प्राध्यापक म्हणून गेले, तरी प्रयोग १८३७ पर्यंत टिकला. पण आकडा घटला म्हणजे भूकही घटली, असे मानणे धोक्याचे आहे. दारात उभे राहून केलेली कसून चौकशी लाजऱ्या माणसाला अर्ज करण्यापासूनच परावृत्त करत असणार.

खरा आक्षेप एडिंबरोचे डॉक्टर विल्यम पुल्टनी ॲलिसन यांनी घेतला. गरिबांच्या खोल्यांत तापाचे रोगी तपासताना त्यांना दिसले, की उपासमार असते तिथे टायफस फोफावतो. ऐच्छिक दानाचा बोजा मोजक्या दयाळूंवर पडतो, कंजूष मात्र सुटतात. म्हणून कायद्याने कर हवाच, असे त्यांनी १८४० मध्ये मांडले. त्याच वर्षी ग्लासगोत ॲलिसन आणि चामर्स यांचा जाहीर वाद झाला.

निकाल लावला तो पेझ्लीने. काश्मिरी शालीवरची कोयरी यंत्रमागाच्या युगात जगभर नेणारे हे विणकरांचे गाव. १८४१ नंतरच्या मंदीत तिथले निम्म्याहून अधिक कारखानदार बुडाले आणि १८४२ च्या सुरुवातीला सुमारे पंधरा हजार लोक मदतीवर जगत होते. सगळी गल्लीच बेकार झाली, तर शेजाऱ्याने शेजाऱ्याला द्यायचे कुठून? चामर्स यांच्या चार झऱ्यांपैकी तीन एकाच वेळी आटले होते.

१८४३ मध्ये स्कॉटलंडचे राष्ट्रीय चर्चही फुटले. साडेचारशेहून अधिक धर्मोपदेशक बाहेर पडले आणि चामर्स नव्या फ्री चर्चचे पहिले मॉडरेटर, म्हणजे सभाध्यक्ष, झाले. मुंबईचे जॉन विल्सन, ज्यांच्या नावाने विल्सन कॉलेज आहे, तेही याच चर्चमध्ये गेले. दुभंगलेल्या चर्चच्या थाळीवर देशभरच्या गरिबांना सोडणे आता अशक्यच होते. १८४५ च्या कायद्याने गरिबांच्या मदतीचे काम पॅरिशच्या मंडळांकडे दिले. धडधाकट बेकाराला मात्र त्यात हक्क मिळाला नाही. तो १९२१ पर्यंत मिळाला नाही, आणि तोवर काम गेलेल्या माणसाला बहुतेक वेळा दानाचेच दार ठोठावावे लागत होते.